नळ मागच्या अंगणात नेला तेव्हा

माझ्या सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा डब्लिनच्या या घरात आमचा एकच हिवाळा गेला होता. डब्लिन म्हणजे ओहायोतलं, कोलंबसला लागून असलेलं. आयर्लंडमधलं नव्हे, हे पुण्यातल्या नातेवाइकांना मी अजूनही सांगत असतो. एप्रिल संपत आला होता आणि झाडांना नुकती पालवी फुटत होती. सासूबाई स्वेटरवर शाल आणि शालीवर माझ्या बायकोचं जाकीट चढवून मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, उभ्या होत्या.

“एवढी जागा आहे,” त्या आपल्या मुलीला म्हणाल्या, “आणि नुसतं गवत लावून ठेवलं.”

वाक्य मुलीला सांगितलेलं असलं तरी होतं माझ्यासाठी. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. राग वगैरे काही नव्हता. जावई म्हणजे मान द्यायचा माणूस, आणि मान द्यायचा तर जरा लांबून द्यायचा, अशी त्यांची समजूत. जेवताना मी समोर बसलेलो असलो तरी त्या म्हणायच्या, “त्यांना विचार, पोळी वाढू का.” मीही बायकोलाच सांगायचो, “अर्धी चालेल.” बायको दोन्ही वाक्यं ऐकायची आणि अर्धी पोळी माझ्या ताटात टाकायची.

सासूबाईंची सगळी नोकरी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्या ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून अर्ध्या देशाशी बोललेली ही बाई इथे आल्यावर मात्र घरातला फोन वाजला तरी उचलत नसे. “त्यांचं इंग्लिश मला समजत नाही आणि माझं त्यांना,” असं म्हणून त्या फोन वाजू द्यायच्या आणि तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या.

मे महिन्यात त्यांनी बाग मनावर घेतली. भारतीय वाणसामानाच्या दुकानातून अंबाडी, कोथिंबीर आणि मिरचीचं बी आणलं. भरताच्या वांग्यांची रोपं एका नर्सरीत मिळाली. जागा त्यांनीच निवडली: मागच्या कुंपणाचा कोपरा, कारण दिवसभर ऊन तेवढंच तिथे. मी दोन वाफे करून दिले. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. अडचण पाण्याची निघाली.

आमच्या घराला बाहेरून नळ एकच, आणि तोही पुढच्या बाजूला, गॅरेजच्या भिंतीत. आधीच्या मालकांना गाडी धुण्यापलीकडे पाण्याचं काही काम पडलं नसावं. आम्ही दुकानातली सगळ्यात लांब रबरी नळी आणली. गॅरेजपासून घराला वळसा घालून, डेकच्या पायऱ्यांशेजारून ती कोपऱ्यापर्यंत पोचायची खरी, पण प्रत्येक वळणावर मुडपायची. पाणी थांबलं की कुठे मुडपली ते शोधत मागे जायचं, सोडवून परत यायचं, तोवर ती दुसरीकडे मुडपलेली असायची. शिवाय पाण्याने भरली की अजगरासारखी जड. सासूबाईंना ती ओढवत नसे. म्हणून त्यांनी मला न सांगता बादल्या वाहायला सुरुवात केली.

एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर सासूबाई एका हातात बादली आणि दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या सावरत गॅरेजकडून येत होत्या. पायात माझे बर्फातले बूट. मी तसाच बाहेर गेलो.

“आई, तुम्ही बादल्या उचलू नका. मी घालत जाईन पाणी.”

“नाही जी,” त्या म्हणाल्या. मध्यस्थ नसल्यामुळे त्यांना माझ्याशीच बोलावं लागलं. “जावयाला पाणी भरायला लावलं तर लोक काय म्हणतील?”

आमच्या कुंपणामागे एक छोटं तळं आहे आणि त्यात बदकं असतात. त्यांच्याखेरीज त्या वेळी बाहेर कोणीच नव्हतं. पण सासूबाई बादली सोडेनात. शेवटी मीच मागे फिरलो आणि वाद नको म्हणून संध्याकाळी, त्या आत टीव्ही बघत असताना, गुपचूप पाणी घालायला लागलो. सकाळी त्या घालतच होत्या. आपण घालतो ते पुरेसं आहे, दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत, अशा समाधानात आम्ही दोघंही होतो.

जूनमध्ये वांग्यांची खालची पानं पिवळी पडायला लागली. सासूबाईंना वाटलं, इथली मातीच वाईट. मला वाटलं, रोपंच वाईट मिळाली. बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. कारण सापडेपर्यंत ती कुठलीही गोष्ट सोडत नाही. रविवारी सकाळी तिने वाफ्यात बोट खुपसलं आणि आम्हा दोघांना डेकवर बोलावलं.

“इथे पाणी कोण घालतं?” तिने विचारलं.

“मी,” आम्ही दोघंही म्हणालो.

ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, “तुम्ही दोघं मिळून वांगी बुडवताय. हे एकमेकांचा मान राखणं पुरे झालं. नळच मागे आणा, म्हणजे कोणालाच काही उचलायला नको.”

पुण्यात नळ लांबवायचा म्हणजे पाइपाला पाइप जोडत जायचं, विषय संपला. इथली गोम थंडीत आहे. हिवाळ्यात इथली जमीन चांगली हात-दीड हात खोल गोठते. पाइपात पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि पाइप उभा फाटतो. भिंतीतला आमचा मूळ नळही या थंडीसाठीच बनवलेला आहे. बाहेर दिसते ती नुसती मूठ आणि तोटी. पाणी अडवणारा भाग एका लांब दांड्याच्या टोकाला, घराच्या उबेत असतो. त्यामुळे नळ बंद केला की बाहेरच्या भागातलं पाणी गळून जातं. फक्त हिवाळ्यात त्याला काही जोडून ठेवायचं नाही, नाहीतर पाणी आतच अडकतं आणि भिंतीत स्फोट. नवा पाइप टाकायचा तर दोन मार्ग होते. एक तर कमरेइतका खोल चर खणून गोठणाऱ्या मातीच्या खाली पाइप पुरायचा, किंवा वीतभर खोल पुरून दर हिवाळ्याआधी तो पूर्ण रिकामा करायचा. माझ्या कमरेची अवस्था बघता दुसरा मार्ग ठरला.

तेही उद्या उठून खणायला लागलो असं चालत नाही. जमिनीखाली गॅस, वीज, केबल असं बरंच काही असतं, म्हणून आधी एका नंबरवर फोन करून आपल्या अंगणात खुणा करून घ्याव्या लागतात. मी घरून काम करतो. मीटिंगच्या आधी मोकळा वेळ होता तेव्हा फोन लावला, तर पलीकडे संगीत सुरू झालं. ते संपेना. मीटिंगची वेळ झाली. मी फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंच्या समोर ठेवला.

“आई, कोणी बोललं तर मला फक्त हात करा. मी येतो.”

मी काचेच्या दारामागे बसून मीटिंग सुरू केली. थोड्या वेळाने बघतो तर सासूबाई ताठ बसलेल्या, फोन कानाला लावलेला, आणि बोलत होत्या. मी हेडफोन काढला. दाराच्या फटीतून जो आवाज आला तो मी याआधी कधीच ऐकला नव्हता. घरात त्यांचा आवाज साधा, थोडा चिरका. हा आवाज मऊ, सावकाश आणि घंटेसारखा स्वच्छ होता. आमच्या रस्त्याचं स्पेलिंग त्या सांगत होत्या, “बी फॉर बॉम्बे, आर फॉर रायपूर, डी फॉर डेल्ही.” पलीकडची मुलगी काहीतरी म्हणाली. सासूबाईंनी न चिडता पुन्हा सांगितलं. मग ती हसली असावी, कारण सासूबाईही हसल्या आणि म्हणाल्या, “आय वॉज ऑल्सो इन द सेम लाइन, माय डिअर.”

मी दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी मलाच हाताने थांबवलं.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “दोन-तीन दिवसांत येतील माणसं. मी त्या पोरीला सांगितलं की खणायचं मागच्या बाजूला आहे, पण नळ पुढे आहे, तर पुढेही बघा. तुम्ही ते सांगायचं विसरले असते.”

खरंच विसरलो असतो.

ठरल्याप्रमाणे माणूस आला आणि गवतावर रंगाचे पट्टे मारून, छोटे झेंडे रोवून गेला. पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी टेलिफोन आणि केबलचा. आमचं अंगण एखाद्या शाळेच्या क्रीडा महोत्सवासारखं दिसायला लागलं. पिवळी आणि लाल रेघ आमच्या वाटेपासून लांब होती. नारिंगी रेघ मात्र गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यावरून आमच्या चराला आडवी जात होती.

“हे आमच्या खात्याचं,” सासूबाई झेंड्याकडे बघत म्हणाल्या.

मी शनिवारी खणायला सुरुवात केली. आधी गवताचे पट्टे चटईसारखे कापून ताडपत्रीवर उलटे ठेवायचे, मग खालची माती काढायची आणि काम झाल्यावर तेच पट्टे वर बसवायचे. म्हणायला सोपं आहे. इथली माती चिकणी, ओली असली की फावड्याला चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. दुपारपर्यंत गॅरेजच्या भिंतीपासून अगदी थोडा चर झाला. सासूबाई डेकवरून बघत होत्या.

“काय करून राहिले तुम्ही? एवढ्या उन्हात?” त्या म्हणाल्या. “कोणाला बोलवा न कामाला.”

“होईल, आई. तुम्ही आत जा.”

त्या आत गेल्या. मीही जेवून तासभर आडवा झालो. उठून बाहेर येतो तर मी खणलेल्या भागातले सगळे दगड काढून एका बाजूला ढीग केलेला, आणि चराच्या कडा सरळ कापलेल्या. सासूबाई आत चहा टाकत होत्या. हात धुतलेले, पण नखांत माती. मी चहा घेऊन पुन्हा फावडं उचललं. दुसऱ्या दिवशी त्यांची दुपारची झोप सुरू असताना मी डेकपर्यंत पोचलो, तर संध्याकाळी तिथलेही दगड निघालेले. मला वाटतं, त्या झोपतच नव्हत्या.

वाटेतला नारिंगी रेघेचा भाग मी तसाच सोडला होता, कारण तिथे फावडं चालवायची सोय नव्हती. तिथे हाताने, हलकेच खणायचं असतं. मी गुडघ्यावर बसलो, तोच सासूबाई खुरपं घेऊन आल्या आणि या वेळी लपूनछपून नाही.

“सरका,” त्या म्हणाल्या. “तुमचा हात जड आहे. मी काल बघितलं.”

मी सरकलो. त्यांनी भाकरीचं पीठ सारखं करावं तशी माती बाजूला केली. थोड्या वेळाने एक काळी वायर दिसली, बोटाएवढी जाड. त्यांनी ती पुसली आणि बघत राहिल्या.

“एवढीशी?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे केबल मनगटाएवढी असायची. पावसाळ्यात पाणी शिरलं की सगळा मोहल्ला बंद. मग लोक आम्हाला शिव्या द्यायचे.”

“तुम्हाला का?”

“कोणाला देतील? आम्हीच फोन उचलायचो न.”

मग त्या मांडी घालून चराच्या काठावर बसल्या आणि मला एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायला लागल्या. रात्रपाळीत कलकत्त्याची एक ऑपरेटर लाइन मोकळी असली की त्यांना स्वेटरचे टाके शिकवायची. दोघींची कधी भेट झाली नाही. पण आवाजावरून तिला सर्दी झाली की सासूबाईंना कळायचं. हे मी माझ्या बायकोकडूनही कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी चराचं काम फारसं पुढे गेलं नाही.

चर कोपऱ्यापर्यंत पुरा करून पुढच्या शनिवारी आम्ही काळा पाइप चरात अंथरला. जमीन कोपऱ्याकडे उतरत जाते ही आमच्या सोयीची गोष्ट; पाइप त्याच उताराने ठेवला की पाणी आपोआप शेवटाकडे यावं. वाफ्यांपाशी मी लाकडी खांब रोवला, त्याला उभा पाइप बांधला आणि वर कमरेच्या उंचीवर पितळेचा नळ बसवला. खाली, सगळ्यात खोलगट जागी, पाणी काढून टाकायला एक छोटा कॉक आणि त्याभोवती खडी. गॅरेजच्या नळाला दोन तोंडांची पितळी जोडणी लावली: एक तोंड गाडी धुवायला, दुसरं नव्या पाइपाला. जोडांवर पत्र्याच्या क्लिपा आवळताना सासूबाई एक पाना धरायच्या आणि मी पिळायचो. आता “त्यांना म्हण” वगैरे काही राहिलं नव्हतं. “अहो, पाना उलटा फिरवता तुम्ही,” असं त्या सरळ मलाच सांगायच्या.

पाणी सोडायची वेळ आली. मी गॅरेजपाशी, त्या खांबापाशी, आणि मधे सगळं घर. एकमेकांना दिसत नव्हतो, ऐकू येत नव्हतं. सासूबाईंनी स्वतःहून मला फोन केला.

“हॅलो,” तोच घंटेसारखा आवाज. “सोडा.”

मी नळ उघडला. पाइपात हवा फुसफुसत पुढे गेल्याचं मला इथे ऐकू येत होतं.

“काय झालं?”

“काही नाही. होल्ड करा.” मग थोडं थांबून, “आवाज येऊन राहिला. साप असल्यासारखा.” मग, “आलं. चिखल आला. आता पाणी आलं. चांगलं स्वच्छ...” आणि मग एक किंकाळी.

“आई?”

“लाइन कट करा,” त्या म्हणाल्या. “लाइन कट करा, लाइन कट करा.”

मी नळ बंद करून धावलो. नळाच्या खालचा जोड निसटला होता आणि पाण्याचा फवारा थेट सासूबाईंवर उडाला होता. केसांपासून पावलांपर्यंत त्या भिजल्या होत्या. फोन मात्र त्यांनी डोक्याच्या वर, हात उंच करून धरला होता. बायको वरच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. मला वाटलं, झालं, इतक्या दिवसांत जमलेलं सगळं आता विसकटणार. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “क्लिप कोणी लावली होती?”

“मी.”

“मग मी लावते.”

त्यांनी क्लिप दोनदा पिळून लावली. ती आजतागायत निसटलेली नाही.

त्या उन्हाळ्यात बागेने कमाल केली. पानं पुन्हा हिरवी झाली, ऑगस्टमध्ये वांगी नारळाएवढी व्हायला लागली, आणि अंबाडीची भाजी इतकी झाली की बायकोने लॅबमधल्या तेलुगू मैत्रिणींना पिशव्या भरभरून दिल्या. शेजारी एक अमेरिकन गृहस्थ राहतात, निवृत्त, बायको गेल्यापासून एकटेच. गॅरेजचं दार उघडं टाकून ते दिवसभर खुर्चीत बसलेले असतात. सासूबाईंनी त्यांना तीन वांगी नेऊन दिली आणि आपल्या इंग्रजीत समजावलं की थेट विस्तवावर भाजायची. संध्याकाळी त्यांच्या अंगणातल्या भाजायच्या ग्रिलकडून फटाक्यासारखा आवाज आला. वांग्याला आधी टोचे मारायचे असतात, हे सांगायचं राहून गेलं होतं. ते शर्टावर वांग्याचा गर घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, हे असंच व्हायचं असतं का, ते विचारायला आलोय. मग सासूबाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि आमच्याकडचं भरीत वाढलं. त्यांना ते तिखट लागलं, पण त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिलं दंव गोठणार असल्याचा अंदाज आला. सासूबाईंचं परतीचं तिकीट आठवड्यावर होतं. पाइप रिकामा झालेला बघितल्याशिवाय आपण जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आम्ही उरलेली वांगी, हिरव्या मिरच्या, सगळं काढून घेतलं. मग गॅरेजच्या नळावरून जोडणी सोडवली आणि खालचा कॉक उघडला. खडीत पाणी जिरत गेलं आणि थांबलं.

“संपलं?” त्यांनी विचारलं.

“उताराने येणारं आलं. मधे कुठे खोलगट असेल तिथे थोडं राहिलं असेल. ते हवेने काढायचं.”

माझ्याकडे गाडीच्या चाकात हवा भरायचं छोटं यंत्र होतं. ते जोडलं. खूप घरघर केल्यावर कॉकमधून म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखे दोन थेंब आले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून सरळ शेजारी गेल्या. मी बघत होतो: त्या गॅरेजच्या दारात उभं राहून काहीतरी बोलल्या, हाताने पाइप दाखवला, फुंकर मारून दाखवली. ते गृहस्थ उठले आणि आतून एक भलामोठा लाल कॉम्प्रेसर ढकलत आमच्या गवतावर घेऊन आले.

तो सुरू झाल्यावर तळ्यातली बदकं उडाली. कॉकमधून आधी पाणी, मग तुषार, मग नुसती हवा. शेजारी खूश झाले. इतक्या वर्षांत या यंत्राचं कोणाला काम पडलं नव्हतं, असं ते म्हणाले. सासूबाईंनी खाली वाकून कॉकपाशी तळहात धरला आणि तो कोरडा असल्याची खात्री केली. मग त्या नागपूरला गेल्या. विमानतळावर त्यांनी मुलीला जवळ घेतलं, माझ्याकडे बघून “येते” म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, “त्या नळावर काहीतरी झाकून ठेवा.”

जानेवारीत असा गारठा पडला की डोळ्यांतून पाणी आलं तर ते गालावर टोचायचं. तळं पांढरं झालं. खांब बर्फात अर्धा बुडाला, आणि वरच्या नळावर मी बांधलेली जुनी लोकरी टोपी तेवढी दिसायची. रविवारी व्हिडिओ कॉल झाला की सासूबाई आधी मुलीची चौकशी करायच्या आणि मग म्हणायच्या, “त्यांना दे.” फोन माझ्याकडे आला की विचारायच्या, “नळाची तब्येत कशी आहे?” मी खिडकीतून फोन फिरवून टोपी दाखवायचो.

“थंडी किती?”

मी आकडा सांगायचो. त्या “बिचारा,” म्हणायच्या. तो बिचारा मी की नळ, हे मी कधी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये मी जोडणी परत लावली आणि पाणी सोडलं. धावत मागे गेलो. पाइप ठीक होता, सगळे जोड ठीक होते. वरच्या पितळी नळाला मात्र केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून पाण्याचा पातळ पंखा उडत होता. आम्ही सगळा पाइप रिकामा केला होता, पण वरचा नळ बंदच ठेवला होता. त्याच्या पोटात घोटभर पाणी राहिलं असणार. मी फोनवर सासूबाईंना तो पंखा दाखवला. मला जरा वाईट वाटत होतं.

“एवढंच न?” त्या म्हणाल्या. “मी तर चार महिने धास्तीत होते की भिंत फुटली म्हणून सांगाल. दुसरा लावा. आणि या वर्षी वरचा उघडा ठेवा.”

मी त्याच संध्याकाळी दुसरा नळ आणून बसवला.

जूनमध्ये त्या पुन्हा आल्या. या वेळी शालीवर जाकीट नव्हतं. पहिल्याच सकाळी मी कॉफी घेऊन बाहेर गेलो तर त्या खांबापाशी नव्हत्या. त्या दुसऱ्या कोपऱ्यात, बाजूच्या कुंपणाजवळ उभ्या होत्या आणि कुंपणाची उंची हाताने मापत होत्या.

“इथे दुधी चढेल,” त्या म्हणाल्या. “इथपर्यंत नेता येईल का नळ?”

“इथे जमीन चढते, आई. पाणी उताराने यायला हवं ना. नाहीतर हिवाळ्यात अडकून बसेल.”

“मग इथून खोल खणू. उतार करून घेऊ.”

“किती खोल? पलीकडे विजेची लाल रेघ आहे.”

“ती कुठून जाते ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे पाय रोवून उभ्या राहिल्या. “इथून जाते. तुम्ही उगाच भिता.”

मी म्हणालो, आठवणीवर भरवसा नको, पुन्हा खुणा करून घेऊ. त्या म्हणाल्या, मी आत्ता फोन करते. मी म्हणालो, आज रविवार आहे. त्यावर त्यांनी डेकवरचा फोन उचलून बघितलं, खरंच रविवार होता, आणि त्यांना ते आवडलं नाही. बायकोने आतून पोहे झाल्याची हाक मारली. आम्ही तिला येतो म्हणालो, आणि मग उतार कुठल्या बाजूने काढायचा यावर आमचं पुन्हा सुरू झालं.